पाचवीचं विसावं नाव

माझ्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, एकदा स्वतःलाच अर्ज लिहिला होता. वर 'माननीय मुख्याध्यापक यांस', खाली 'आपला नम्र, पालक', आणि दोन्हीकडे माणूस एकच. ही गोष्ट मी कॉलेजात असताना मैत्रिणींना हसवायला सांगायचे. त्या पोट धरून हसायच्या. मीही हसायचे, आणि मग खोलीवर जाऊन दार लावून घ्यायचे.

अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक होते. मुख्याध्यापक म्हणजे फार मोठं काही समजू नका. तासगावपासून आठ-नऊ किलोमीटरवरचं आमचं गाव, चौथीपर्यंतची शाळा, तीन खोल्या आणि दोन शिक्षक. एक अण्णा, दुसऱ्या तासगावहून एसटीनं येणाऱ्या बाई. घंटाही अण्णाच द्यायचे. गाव त्यांना गुर्जी म्हणायचं. मी घरी अण्णा आणि शाळेत गुरुजी म्हणायचे, आणि चुकून वर्गात 'अण्णा' म्हटलं की बाकीच्या मुलांसारखीच छडी मिळायची.

चौथीनंतर मुलं ओढ्यापलीकडच्या गावात पाचवीला जायची. मुलं म्हणजे मुलगेच. मुलींचं शिक्षण ओढ्याअलीकडे संपायचं. कुणी तसं ठरवलं नव्हतं, पण कुणी दहा वर्षांच्या पोरीला चार किलोमीटर द्राक्षबागांमधून एकटं धाडायला तयार नव्हतं. अण्णांना ही गोष्ट फार लागायची. चार-पाच वर्षं ते तासगावच्या कचेरीत खेटे घालत होते, आमच्याच शाळेला पाचवीचा वर्ग जोडून द्या म्हणून. शेवटी तिथल्या शिक्षणखात्याच्या साहेबांनी तोंडी कबूल केलं की, जूनमध्ये येऊन मोजतो, पाचवीला वीस मुलं दाखवा, वर्ग देतो.

हे साल त्र्याण्णव-चौऱ्याण्णवचं असेल. त्या उन्हाळ्यात अण्णांनी एका जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर वीस आकडे लिहिले आणि एकेका आकड्यापुढे नाव भरत गेले. वाड्यावस्त्यांवर जायचे, चहा घ्यायचे, बापाचा शब्द घ्यायचे आणि घरी येऊन नाव लिहायचे. पहिलं नाव माझ्या मैत्रिणीचं होतं. ती आणि मी बालवाडीपासून एका पट्टीवर बसायचो. तिचे आईवडील दुसऱ्यांच्या बागांत रोजानं जायचे. गणितात ती माझ्यापेक्षा कितीतरी हुशार होती, आणि तिची पाटी बघून मी लिहायचे हे अण्णांना माहीत होतं. तिच्या वडिलांनी अण्णांना सांगितलं होतं, "गुर्जी, गावात हाय तवर शिकू द्या की. गावाबायर मातर न्हाई."

विसावं नाव माझं होतं. ते भरायला अण्णा कुणाकडे गेले नाहीत.

आता दुसरी शाळा. गावात एक सुभेदार होते, फौजेतून निवृत्त होऊन आलेले. त्यांच्या बागा होत्या आणि गावाबाहेर बेदाण्याची मोठी शेड होती. सुभेदारांनी छावण्यांमधून साहेब लोकांची मुलं इंग्रजीत बोलताना ऐकली होती आणि ते त्यांच्या मनात रुतून बसलं होतं. त्यांनी आदल्या वर्षी त्याच शेडमध्ये इंग्रजी माध्यमाची शाळा काढली होती. जून ते जानेवारी शाळा सगळ्या शेडमध्ये भरायची. बेदाण्याचा हंगाम आला की अर्ध्या शेडमध्ये जाळ्यांवर द्राक्षं वाळत पडायची, मधे ताडपत्री लावायची, आणि अलीकडच्या बाजूला मुलं 'गुड मॉर्निंग टीचर' म्हणायची. त्या मुलांच्या खिशात कायम बेदाणे असायचे. वस्त्यांवरची मुलं आणायला पिवळा रंग दिलेला मेटाडोर होता, आणि गावातलीही अर्धी पोरं पायी जायच्या अंतरासाठी त्यात बसून जायची.

मला त्या शाळेतलं काही नको होतं, फक्त टाय हवा होता. साताऱ्याला माझे मामा राहायचे. दिवाळीला आम्ही तिकडे जायचो तेव्हा मामेबहीण तिचा शाळेचा टाय दाखवायची, मागे इलॅस्टिक असलेला. गळ्यात अडकवायचा, ताणायचा आणि सोडायचा. दिवसभर ती तेवढंच करायची. मला एकदाच घालायला दिला आणि लगेच काढून घेतला. पुढे सुभेदारांच्या शाळेतल्या मुलींच्या गळ्यात तसाच टाय दिसला आणि माझं मन आमच्या शाळेतून उडालं. इतकं साधं आणि इतकं हलकं कारण होतं. मोठेपणी मी त्याला बरीच वजनदार कारणं चिकटवून पाहिली, एकही टिकलं नाही.

मे महिन्यात मारुतीच्या देवळापुढे गावाची बैठक झाली. सुभेदारही यंदा पाचवी काढणार होते, आणि गावात पाचवीची पोरं मुळात मूठभर. त्यामुळे कुणी कुठे जायचं यावर वाद पेटला होता. उन्हं उतरली होती, बाप्ये पारावर आणि आम्ही बायकापोरं खाली सतरंजीवर. मी मैत्रिणीला चिकटून बसले होते. सुभेदार आधी बोलले. "गुर्जी, तुमच्यावर आमचा राग न्हाई. पर बापाला आपल्या पोराची शाळा निवडायचा हक हाय का न्हाई, येवढं सांगा."

अण्णा म्हणाले, "आहे. मेटाडोरचं भाडं ज्याला परवडतं त्याला आहे. बाकीच्यांनी काय निवडायचं, ते तुम्ही सांगा."

"त्ये सरकारनं बघावं."

"सरकार माझ्याकडे बघतं आणि मला म्हणतं वीस दाखव. तुमच्या पाचवीत आठ-दहा गेली की माझी पाचवी उघडत नाही. मग जी पोरं मागं राहतील ती चौथी शिकून घरी बसतील. पोरी तर बसतीलच."

"मग माझ्या नातवानं तुमची पाचवी उघडाय म्हणून इंग्लिश शिकायचं न्हाई व्हय?" सुभेदार चिडून बोलले नाहीत, खरंच विचारत होते. आज एवढ्या वर्षांनीही मला त्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. अण्णांनाही त्या दिवशी आलं नसावं, कारण उत्तराऐवजी त्यांनी आयुष्यातली एकमेव बढाई मारली. ते म्हणाले, "दुसऱ्याच्या पोरांना मी उपदेश करत नाही. माझी स्वतःची पोरगी इथंच पाचवीला बसणार आहे."

पारावरची माणसं माना हलवायला लागली. अण्णांचं पारडं जड झालं होतं. तेवढ्यात सुभेदार हसून म्हणाले, "लेकराला इचारलंय का गुर्जी?" आणि मला त्यांनी हाक मारली. "ये गं बाळ, उभी ऱ्हा. तुला कुठल्या शाळंत जायाचंय?"

मी उभी राहिले. मला खोटं बोलता येत नव्हतं असं नाही, चांगलं येत होतं. पण एवढ्या मोठ्या माणसांनी माझं मत विचारलं याचाच मला चेव आला. मी खणखणीत आवाजात म्हणाले, "मेटाडोरच्या शाळेत."

अख्खा पार हसला. सुभेदार हसले, बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मैत्रीण माझा परकर ओढत म्हणाली, "खाली बस की गं, खुळी." अण्णाही हसले. मग त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि परत घातला नाही, तसाच हातात धरून बसले. त्यांना चष्म्याशिवाय दोन हातांवरचा माणूस दिसत नसे. मला वाटतं त्यांना त्या वेळी कुणी दिसायला नको होतं.

घरी आल्यावर आईनं मला दोन धपाटे घातले. आई साताऱ्याची, मॅट्रिक झालेली. माझ्या मामांची मुलं फाडफाड इंग्रजी बोलतात आणि आपली पोरगी शेणाच्या सारवणावर बसून पाढे म्हणते हे तिला आतून खुपत होतं, पण नवऱ्यापुढे कधी बोलली नव्हती. धपाटे घालून झाल्यावर तिनंच रडत मला जेवायला वाढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना अण्णांनी मला जवळ बोलावून विचारलं, "खरंच जायचंय का तुला? तिथं पारावर लोक होते, म्हणून विचारतो."

त्यांच्या आवाजात जराही राग नव्हता. रागावले असते तर मी नाही म्हणाले असते. मी टाय डोळ्यापुढे आणला आणि म्हणाले, "हो."

"बरं," अण्णा म्हणाले.

आई मधे पडली. "अहो, तुमच्या वीसमधली ती एक आहे. लहान आहे ती, तिचं काय ऐकता? नाही म्हणा."

इथे अण्णांचं एक सांगायला हवं. एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जायचं तर दाखला लागतो, आणि तो जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकाच्या हातात असतो. आसपासच्या गावांत पट टिकवायला मुख्याध्यापक दाखले अडवायचे. आज शिक्का सापडत नाही, उद्या दाखल्याचं बुक संपलंय, परवा मी कचेरीत जाणार आहे, सोमवारी या. असे सोमवार करत करत सप्टेंबर उजाडायचा, पटाची मोजणी होऊन जायची. अण्णांनी एकही दाखला एक दिवससुद्धा अडवला नाही. आदल्या वर्षी सुभेदारांची शाळा निघाली तेव्हा एका दिवसात नऊ दाखले लिहून दिले होते. आई तेव्हा म्हणाली होती, जाणाऱ्यांना चहा पण पाजा. त्यांनी खरोखरच दोघातिघांना पाजला होता.

आता तेच आईला म्हणाले, "लोकांच्या पोरांचे दाखले अडवले नाहीत. मग स्वतःच्या पोरीचा कुठल्या तोंडानं अडवू?"

शाळेतल्या बाईंनी दुसरा मार्ग सुचवला. नाव आपल्याच पटावर ठेवा, पोरीला पाठवा तिकडे, साहेब येतील त्या दिवशी तिला आपल्या वर्गात बसवा, सगळीकडे असंच चालतं. त्या अण्णांच्या आणि गावाच्या भल्यासाठीच बोलत होत्या. अण्णा म्हणाले, "बाई, हजेरी मी रोज माझ्या हातानं मांडतो. पोरगी मेटाडोरमध्ये बसलेली दिसेल आणि मी 'हजर' लिहीन, हे मला जमायचं नाही."

आणि मग त्यांनी तो अर्ज लिहिला. सुट्टीत शाळा उघडून, मला समोर बसवून. पालकाचा अर्ज असल्याशिवाय दाखला देत नाहीत, म्हणून पालक या नात्यानं स्वतःच्या सुंदर अक्षरात मुख्याध्यापकांना विनंती केली. मग उठून खुर्चीत जाऊन बसले, कारण अर्ज त्यांनी पलीकडे बाकावर बसून लिहिला होता. आवक रजिस्टरला नोंद केली, अर्जावर 'दाखला द्यावा' असा शेरा मारला, दाखल्याचं बुक काढलं. मला ते सगळं नाटक वाटत होतं आणि हसू येत होतं. हसले तसं अण्णांनी वर बघितलं आणि तेही हसल्यासारखं करून परत लिहायला लागले.

दाखला माझ्या हातात आला तो मी घरी येईस्तोवर वाचून काढला. प्रगती, चांगली. वर्तणूक, चांगली. शाळा सोडण्याचे कारण, पालकाच्या विनंतीवरून. मी दहा वर्षांची होते, तरी मला कळलं की हे खरं नाही. विनंती माझी होती. अण्णांनी ती स्वतःच्या नावावर घेतली होती आणि वर सही-शिक्का मारून ठेवला होता. पुढे गावात कुणीकुणी त्यांना टोमणे मारले, गुर्जींनीच आपली पोरगी काढली, आमाला कशापायी शिकवतायत. त्यांनी कधीही कुणाला सांगितलं नाही की पोरगीच ऐकत नव्हती.

जून आला. मला टाय मिळाला. मी तो ताणून सोडला, दोन दिवस भरपूर ताणून सोडला. तिसऱ्या दिवशी त्याचं काही वाटेना.

अण्णा तोवर विसावं नाव शोधत फिरत होते. रोज शाळा सुटली की सायकल काढायचे, शेजारच्या वाड्या झाल्या, मळे झाले, एका धनगराच्या पालावर दोनदा जाऊन आले. कुणाचं पोरगं लहान होतं, कुणाचं आधीच ओढ्यापलीकडे जाऊ लागलं होतं. साहेब आले, त्यांनी मुलं उभी करून मोजली, आणि वही मिटून जीपमध्ये बसले. संध्याकाळी अण्णा घरी आले. आईनं चहा पुढे केला. अण्णा एवढंच म्हणाले, "एकोणीस."

मी तिथेच टाय घालून उभी होते. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "कपडे बदल बाळ, मळतील."

त्यांनी मला कधीच बोल लावला नाही. माझ्या मनाला आजही तेच सोसत नाही. एकोणिसांतले बरेच मुलगे ओढ्यापलीकडे गेले. मुली घरी बसल्या. मैत्रिणीच्या घरी अण्णा तीनदा गेले. मी सोबत सोडीन, मी आणीन, म्हणाले. तिसऱ्या वेळी तिच्या वडिलांनी हात जोडले. "आवं गुर्जी, तुमी रोज किती जनींना सोडनार? ऱ्हाऊ द्या आता." ती तेव्हा दारात भांडी घासत होती. हे मला अण्णांनी सांगितलं नाही, आईनं सांगितलं.

सुभेदारांची शाळा अडीच वर्षं चालली. इंग्रजीच्या बाई लग्न होऊन गेल्या, एक सर सांगलीला लागले, आणि बागा वाढल्या तशी शेड बेदाण्यालाच पुरेना. सुभेदारांना मनापासून वाईट वाटलं. पालकांच्या बैठकीत ते डोळे पुसत होते. मेटाडोर भाजी वाहायला लागला. ज्यांना जमलं त्यांनी पोरं तासगावला घातली, मीही एसटीनं जायला लागले. ज्यांना जमलं नाही ती पोरं परत अण्णांच्या शाळेकडे आली, पण तोवर तिथे पट घसरून बाईंची जागा गेली होती आणि अण्णा एकटेच चार वर्ग सांभाळत होते. पुढच्या वर्षी त्यांची बदली जतकडे झाली. तिकडची निम्मी मुलं घरी कानडी बोलणारी. अण्णा पन्नाशीत त्यांच्याकडून कानडी शिकले. शनिवारी घरी यायचे, सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचे.

दहावी झाल्यावर मी सांगलीला कॉलेजला गेले. अकरावीच्या त्या वर्षी, मार्चमध्ये सुट्टीला घरी आले असताना, साताऱ्याला मामांकडे न्यायला बेदाणा आण म्हणून आईनं मला शेडवर पाठवलं. मी त्या शेडमध्ये शाळा बंद पडल्यापासून गेले नव्हते. जाळ्यांवर हिरवीपिवळी द्राक्षं पसरली होती आणि खाली ओळीनं बायका बसून बेदाणा निवडत होत्या, काड्या वेगळ्या, काळे दाणे वेगळे. भिंतीवर आमच्या शाळेची इंग्रजी अक्षरं अजून होती. पहिल्या अक्षराशेजारच्या सफरचंदाचा रंग उडून ते टोमॅटोसारखं दिसत होतं. त्या भिंतीखाली माझी मैत्रीण बसली होती.

तिनंच आधी ओळखलं. "तू हितंच बसायचीस न्हवं?" ती म्हणाली. "मी मुद्दाम हीच जागा धरलीया. लय वारं येतं हितं." मग मान मागे वळवून न बघताच तिनं भिंतीवरची सव्वीसच्या सव्वीस अक्षरं म्हणून दाखवली. एकही चुकली नाही. "चार हंगाम झालं बसतीया. पाठ झाली. त्यांचं फुडं काय करायचं त्ये मातर ठावं न्हाई."

तिचं लग्न ठरलं होतं, मे महिन्यात. उंब्रजकडचं स्थळ होतं, ऊसवाले, मुलगा फौजेत. ती खूश होती. "गुर्जी बरं हायत का?" तिनं विचारलं. मी हो म्हणाले. "त्यांनी दिल्याला दाखला मी जपून ठिवलाय. सासरी न्हेनार हाय. वागनूक चांगली म्हनून लिवलंय, सासूला वाचून दावीन." ती हसली. मग काड्या खुडता खुडता म्हणाली, "शाळा का सोडली, तिथं गुर्जींनी 'शाळेत पुढील वर्ग नाही' असं लिवलंय. तुझ्या दाखल्यावर काय लिवलंतं गं?"

मी म्हणाले, "आठवत नाही."

मुकादमानं माझे दोन किलो तोलून दिले. मी निघाले तशी तिनं आपल्या ताटातला निवडलेला, एकही काडी नसलेला ओंजळभर बेदाणा कागदात बांधून माझ्या हातात दिला. "ह्यो गुर्जींना दे," ती म्हणाली. "म्हनावं, तुमच्या पाचवीतल्या पयल्या पोरीनं दिलाय."

शनिवारी अण्णा आले. मी तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी दोन दाणे तोंडात टाकले, चांगला निवडलाय म्हणाले, आणि कुणाकडचा म्हणून विचारलं. मी म्हणाले, "शेडवरचा." त्यांनी कागद पुरता उलगडून सगळा बेदाणा हळूहळू खाल्ला, जेवणाआधी भूक लागली होती त्यांना. मी समोर बसून होते. निरोप माझ्या तोंडाशी होता आणि मी तो दिला नाही. आता अण्णा नाहीत.